मासळीच्या पिशवीचा रिपोर्ट

कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसू नये अशीच ही गोष्ट आहे. माझ्या मासळीच्या पिशवीला पिशवीचा रोग निघाला. नुसत्या तोंडी गप्पा नाहीत. छापील कागदावर निघाला, खाली डॉक्टरची सही, वर माझं नाव. ज्याला पटत नसेल त्याने उठून चालू लागावं. मला ऐकणाऱ्यांचा तोटा कधी पडला नाही.

आमच्याकडे बायका गर्भाशयाला पिशवीच म्हणतात. अमकीची पिशवी काढली, तमकीची पिशवी खाली आली, असं बोललं की कोणी बाजाराची पिशवी समजत नाही. आणि मासळी विकणारीच्या हातात तर दुसरी पिशवी असतेच. तेव्हा एका बाईपाशी दोन पिशव्या, आणि नाव एकच. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

ही गोष्ट मी गुरुवारी सकाळी आरोग्य उपकेंद्राच्या पडवीत बसून सांगितली. दहा वाजता रत्नागिरीहून गाडी येणार होती. ज्या बायांच्या नमुन्यात पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करू शकणारा विषाणू निघाला त्यांना घेऊन गाडी मोठ्या दवाखान्यात जाणार, तिथे डॉक्टरीण दुर्बिणीतून पिशवीचं तोंड बघणार. यादीत सहा नावं. एक नाव माझं. मी गाडीत बसायला आले नव्हते, हे आधीच सांगते. मी आले होते तो कागद आशाताईच्या टेबलावर आपटायला आणि चार माणसांदेखत माझं नाव यादीतून खोडून घ्यायला.

आशाताई म्हणजे आमची आशा सेविका, योगिनी. वरच्या वाडीतली सून, माझ्या नातीच्या वयाची, पण बोलायला लागली की गावची पाटलीण. ती दारात रजिस्टर घेऊन उभी. बाकावर माझ्या शेजारी दमयंती, चव्वेचाळीस वर्षांची, नवरा मुंबईत. तिच्याही हातात तसलाच कागद. त्याची तिने घडी घालून घालून बोटाएवढी सुरळी केली होती. आणि समोरच्या पायरीवर तुळसा, माझी धाकटी जाऊ. बीपीच्या गोळ्या घ्यायला आली होती म्हणे. चुली वेगळ्या झाल्याला वीस वर्षं झाली, पण बाजारात आम्ही शेजारी शेजारी बसतो आणि एकमेकींचं गिऱ्हाईक ओढतो. गोळ्या घेऊन झाल्या होत्या, तरी उठायचं नाव नव्हतं. माझी फजिती बघायची होती तिला.

"काय जाऊबाय, नटूनथटून आलीस," तुळसा म्हणाली. "रत्नागिरीत कोण वाट बघतोय?"

"तुझा सासरा," मी म्हटलं.

"तो तुझाही सासराच व्हता."

"म्हणून तर विचारलं नाय त्याला, तुला कशी आणली घरात."

दमयंती हसली नाही. तिने सुरळी उलगडली, पुन्हा घडी घातली.

मी का चिडले होते ते सांगते. गेल्या महिन्यात मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये सभा झाली. शीतपेटीच्या खोलीशेजारी खुर्च्या मांडलेल्या, आणि ही योगिनी माईकवर. हा विषाणू नवराबायकोच्या संबंधातून येतो, असं तिने पन्नास बायांपुढे मोठ्याने सांगितलं. मागे भिंतीशी जाळी शिवायला बसलेले चार बाप्येही ऐकत होते. आणि दहा-बारा दिवसांनी तीच योगिनी माझ्या दारात येऊन कागद देते, काकी, तुमचा पॉझिटिव्ह आला. माझा नवरा महिपत जाऊन बावीस वर्षं झाली. बावीस! आता गावाने काय समजायचं? येसूबाई म्हातारपणी कुठे जाते, हे विचारायचं की नाही? माझ्या माघारी बाजारात कोण काय बोलेल ते मला ऐकू येत होतं, आणि त्यात तुळसाचा आवाज पहिला होता.

म्हणून मी बाकावर मांडी घातली आणि त्या सभेच्या दिवशी खरं काय घडलं ते सगळ्यांना सांगितलं.

सभा संपली आणि योगिनीने एकेकीला नळी नि ब्रश वाटला. ब्रश म्हणजे एवढीशी काडी, टोकाला मऊ केस. मला म्हणाली, "येसूकाकी, कोण बघणार नाय, कोण हात लावणार नाय. पडद्याआड जायचं, ब्रश आपला आपण आत घालायचा, पाच वेळा फिरवायचा, काढून नळीत बुडवायचा, टोपण लावायचं. पिशवीच्या तोंडाचा नमुना."

मी म्हटलं, "कोण बघणार नाय तर मी फिरवला का नाय ते तुला कसं समजणार?"

"तुमच्यावर विश्वास हाय काकी."

"तिथंच चुकलीस," मी म्हटलं. हसत म्हटलं, म्हणून तिला ते कळलं नाही.

माझ्या पोटात राग होता. बासष्ट वर्षांच्या बाईला कालची पोर सांगते, आत घाल नि फिरव. माझी पोरं झाली तेव्हा हिची आई परकर नेसत होती. मी पडद्याआड गेले. हातात माझी पिशवी होतीच. तांदळाच्या गोणीची शिवलेली, अकरा वर्षं वापरातली, त्या दिवशी सकाळीच तिच्यातून आठ किलो बांगडा उतरवलेला. मी मनात म्हटलं, पिशवीच्या तोंडाचा नमुना पाहिजे ना? ही पिशवी. हे तोंड. एक, दोन, तीन, चार, पाच. ब्रशाला खवले चिकटले. नळीत बुडवला, टोपण लावलं, बाहेर येऊन नळी योगिनीच्या हातात दिली. तिने त्यावर माझं नाव लिहिलं आणि वर मला म्हणाली, "शाब्बास काकी, तुमच्यासारख्या धीट बाया पाहिजेत."

"अगो काकी," दमयंती म्हणाली, "खरंच केलंत असं?"

"मग काय खोटं सांगतेय?"

योगिनी दारातून म्हणाली, "काकी, नसतं काय सांगू नका. ती आधीच घाबरलीय."

"घाबरवली कोणी? मी? माईक कोणाच्या हातात व्हता?"

मग मी पुढचं सांगितलं. नळ्या गेल्या मुंबईला. तिथे खोलीभर मशीन. माझी नळी आत घातली, तशी मशीन शिंकली. एकदा नाही, तीनदा. बांगड्याचा वास सहन होईना तिला. मग लाल दिवा लागला, मग घंटा वाजली, सगळे डॉक्टर धावत आले. मोठ्या डॉक्टरने कागद बघितला आणि म्हणाला, "ही बाई चालती-बोलती आहे? हिच्या अंगाला खवले आहेत का ते आधी विचारून घ्या."

इथे दमयंतीला पहिल्यांदा हसू फुटलं. मला बरं वाटलं. हसणारं माणूस ऐकतं.

"आणि डॉक्टर स्वतः आला," मी म्हटलं. "तिसऱ्या दिवशी. पांढरी गाडी. आरे-वारेच्या वळणावर पर्यटकांच्या गाड्या आडव्या लावलेल्या, फोटो काढणारे रस्त्यातच उभे, तिथं दोन तास अडकला. घामाघूम होऊन माझ्या अंगणात उतरला. म्हणाला, पेशंट कुठाय? मी खुंटीवरची पिशवी काढून खाटेवर ठेवली. म्हटलं, ही."

"मग?" दमयंती.

"मग काय! शिकलेला माणूस, आलेलं काम सोडील कसं? केसपेपर काढला. नाव? पिशवी. वय? अकरा. नवऱ्याचं नाव? मी म्हटलं, लग्नापासून खुंटीला लटकलीय, खुंटी लिहा. मुलं किती? रोज आठ किलो. शेवटची पाळी कधी? म्हटलं, कालच आली व्हती की लिलावाला, दुसऱ्या नंबरची."

दमयंतीने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. योगिनीसुद्धा हसली असती, पण तिने रजिस्टरात तोंड घातलं.

तुळसा म्हणाली, "डॉक्टरला चहा दिलास का नाय? का तोही पिशवीतनं?"

"तुझ्यासारखी कोरा चहा देत नाय मी पाहुण्याला."

"मग त्यानं दुर्बीण काढली," मी पुढे गेले. "पिशवीच्या तोंडाशी धरली. एक डोळा मिटून बघतोय, बघतोय. म्हणाला, आजी, हा फार जुना संसर्ग आहे. म्हटलं, असायचाच, तळाला गेल्या शिमग्याच्या तारल्या असतील. म्हणाला, उपाय? मी म्हटलं, तो तुम्ही मला काय सांगता! उकळतं पाणी, मूठभर मीठ, दोन दिवस खडखडीत ऊन. तिसऱ्या दिवशी त्यानं परत तपासली. रोग गायब! डॉक्टर माझ्या पाया पडला आणि गेला."

आणि मग मी तो कागद उघडून बाकावर ठेवला, तळहाताने सपाट केला आणि जे सांगायला आले होते ते सांगितलं. "आता बघ दमे. जी मशीन बांगड्याच्या पिशवीला पॉझिटिव्ह म्हणते, ती कोणाला पॉझिटिव्ह म्हणणार नाय? देवळातल्या घंटेला म्हणेल. तुझ्या कागदावर तरी विश्वास कशाला ठेवतेस? ऊठ. घरी जा. तुला काय झालेलं नाय. मला काय झालेलं नाय. गाडी येऊ दे, नि मोकळी जाऊ दे."

दमयंतीचं हसू थांबलं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला क्षणभर वाटलं, जरा जास्तच झालं. बुडणाऱ्याला फळी सापडावी तसं ते तोंड. ती उठली. कागदाची सुरळी तिने कमरेला खोचली.

"खरंच गो काकी, मशीन चुकतंच असेल," ती म्हणाली. "मला दुखत नाय, खुपत नाय. पोरीचं लग्न आलंय. कशाला जायचं?"

"दमयंतीताय, बसा खाली," योगिनी म्हणाली.

"जाऊ दे तिला."

"काकी, तुमच्याशी बोलत नाय मी."

"मी बोलतेय तुझ्याशी. माझं नाव खोड."

योगिनीने रजिस्टर बंद केलं. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि खाली गेलेला आवाज मला जास्त टोचतो. "नाव खोडत नाय. काकी, तुम्हाला बाजारात काय सांगायचं ते सांगा. पिशवीला ताप आला म्हणून सांगा, पिशवी बाळंत झाली म्हणून सांगा. पण ही बाई आज घरी गेली, नि दोन-तीन वर्षांनी हिला रक्त जायला लागलं, तर उशाशी कोण बसणार? तुम्ही? तेव्हा हीच गोष्ट सांगाल तिला?"

"शाप देतेस?"

"शाप नाय, काम सांगतेय माझं." ती दमयंतीकडे वळली. "पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाय. सभेत सांगितलं, घरी येऊन सांगितलं, अजून शंभरदा सांगेन. विषाणू हाय, एवढंच. पुष्कळ जणींचा आपणहून जातो. जिचा जात नाय, तिच्या पिशवीच्या तोंडाला कुठं काय बदल सुरू झालाय का, ते दुर्बिणीनं बघायचं. काय नसेल तर संध्याकाळच्या आत घरी. असेल तर आत्ताच, बारीक असताना, थोडक्यात निपटतं."

"तुझी यादी पुरी व्हायची नाय म्हणून एवढी ओरडतेस," मी म्हटलं.

"हो, नाय होत पुरी. सहातल्या चौघी खालच्या नाक्यावरनं बसणार हायत. दोन नावं इथं हायत, नि एक तुम्ही पळवायला बसलाय." मग ती थांबली, आणि जे बोलू नये ते बोलली. "आणि काकी, तुम्हाला कशाची लाज वाटतेय ते मला कळतंय. सभेतलं अर्धंच ऐकलंत. हा विषाणू अंगात कित्येक वर्षं गप पडून राहू शकतो. बावीस वर्षंही. काका गेले म्हणून तो जातोच असं नाय. तुमच्यावर कोण बोट दाखवत नाय."

 

माझ्यावर कोणी बोट दाखवत नव्हतं. मग कोणावर? महिपत आठ-आठ महिने वेरावळच्या बोटींवर खलाशी असायचा. शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा, खिशात कंगवा नि अत्तराची बाटली. मी वीस वर्षं त्या अत्तराबद्दल एक शब्द विचारला नाही. आणि ही पोर चार बायांसमोर, खालच्या आवाजात, माझी समजूत घालता घालता, त्या बाटलीचं बूच काढत होती.

"मेलेल्या माणसाचं नाव घेऊ नकोस तुझ्या तोंडानं," मी म्हटलं. मला वाटलं मी ओरडले, पण आवाज फुटका आला.

"मी नाव कुठं घेतलं?"

"घेतलंस. माझा नवरा तसला नव्हता आणि मी तसली नाय. तो कागद पिशवीचा हाय. बांगड्याच्या पिशवीचा! कितींदा सांगू? मी माझ्या अंगाला त्या ब्रशाचा केससुद्धा लावलेला नाय. देवाची शप्पत. दमे, तू जा. ऐकतेस काय हिचं? जा घरी!"

दमयंती पायरीपर्यंत गेली. खालून गाडीचा हॉर्न वाजला. वळणावर पांढरं छत दिसलं, आत चार डोकी. योगिनी तिच्यामागे दोन पावलं गेली, पण धरायला गेली नाही. बाईला हाताला धरून गाडीत कोण घालणार? दमयंतीने चपलेत पाय घातला.

तेव्हा तुळसा उठली. गोळ्यांची पुडी तिने पायरीवरच ठेवली आणि दमयंतीच्या वाटेत उभी राहिली. मला वाटलं, आता ही अत्तराबद्दल बोलणार. तिलाही त्या बाटलीचा वास माहीत होता. एका घरात राहिलो होतो आम्ही. मी दात आवळून तयार झाले.

"दमे, थांब," ती म्हणाली. "हिचं ऐकून जाऊ नकोस. पिशवीवर ब्रश हिनं नाय फिरवला. मी फिरवला."

दमयंती म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे मी गाढव." तुळसाचं तोंड लाल झालं होतं, पण ती थांबली नाही. "त्याच्या आधल्या आठवड्यात मासळीला औषध मारतात का ते तपासायला बाजारात माणसं आली व्हती. हातात असल्याच नळ्या, असल्याच काड्या. मी सभेला उशिरा आले, मागं बसले, एवढंच ऐकलं, पिशवीच्या तोंडाचा नमुना द्यायचाय. म्हटलं, मासळीचंच असेल. पडद्याआड गेले नि पिशवीवर फिरवला. पलीकडे ही, मधे नुसती एक साडी टांगलेली. तिच्या फटीतनं ही मला बघत व्हती, नि तोंडात पदर कोंबून हसत व्हती. सांगितलं नाय मला. एका शब्दानं सांगितलं नाय."

"तुळशे, गप बस," मी म्हटलं.

"बसले व्हते की गप. महिनाभर बसले. गावात हसं नको म्हणून." ती माझ्याकडे वळली. "माझा कागद काय आला, ठाऊक हाय तुला? पॉझिटिव्ह नाय, निगेटिव्ह नाय. नमुना बाद! ही पोर घरी येऊन मला विचारते, काकी, ह्यात माणसाचं कायच नाय, कशावर फिरवलात? मशीन आधी बाईच्या अंगातलं काय हाय का ते बघतं, मग रोग बघतं. पिशवीचा असता तर तुझाही कागद बादच आला असता. दुसऱ्यांदा दिला मी नमुना, नीट दिला, तेव्हा माझा निकाल आला. तुझा पहिल्याच खेपेला आला. तो ब्रश तू आतच फिरवला व्हतास, पाच वेळा, सांगितला तसा. देवाची शप्पत घेऊन साफ खोटं बोलतेस तू, जाऊबाय."